दोघेही मुलीकडचे

पाहुण्यांसाठी केलेली कॉफी दुसऱ्यांदा उकळून खाली उतरवली, तेव्हाच नहलाच्या मनात पाल चुकचुकली होती. पण ते बोलून दाखवायची सोय नव्हती. ती बोलली की बैठकीच्या खोलीतले थोरले दीर ऐकणार, आणि तानियोसभावजींनी एकदा ‘मी म्हणालोच होतो’ सुरू केलं की ते लवकर आटपत नाही, हे ती लग्न झाल्यापासून बघत आली होती.

भावजी सकाळी चर्चला घातलेल्या सुटातच आले होते, आणि मॉन्ट्रियलजवळच्या लावालमधल्या या घरातली सगळ्यांत मोठी खुर्ची त्यांनी न विचारता बळकावली होती. शेजारी नहलाचा नवरा अंतून गळ्याला टाय आवळून भोपळ्याच्या बिया सोलत बसला होता. थोरला भाऊ खोलीत असला की साठी उलटलेला अंतून शाळकरी पोर होतो. आज तर त्याने बियांची सालंसुद्धा खिशात टाकायला सुरुवात केली होती.

आज लयालला मागणी घालायला लोक यायचे होते. लयाल ही नहला-अंतूनची एकुलती एक लेक, पुलांची इंजिनियर, तिशी ओलांडलेली. येणारं घर इराणी होतं, मॉन्ट्रियलच्या पार दुसऱ्या टोकाला, ब्रोसारला राहणारं. त्या घरातल्या ज्या माणसाशी लयालचं लग्न ठरलं होतं, त्याचं नाव पारीसा. म्हणजे तीही मुलगीच. लग्नाची सरकारी नोटीस लागली होती, कोर्टातली तारीख मिळाली होती. राहिलं होतं ते एवढंच, की एका घराने दुसऱ्या घराकडे रीतीने मागायचं आणि त्या घराने रीतीने द्यायचं. पाहुण्यांतल्या वडीलधाऱ्याने कॉफीचा पेला हातात घ्यायचा, पण ओठाला न लावता खाली ठेवायचा. कशासाठी आलोय ते सांगायचं. मग यजमानाने म्हणायचं, मुलगी तुमचीच, आता कॉफी घ्या. लेबननच्या त्यांच्या डोंगरात ज्या मुलीची कॉफी अशी प्यायली गेली नाही, ती लग्न करून गेली असं कुणी म्हणत नाही. पळून गेली म्हणतात.

यजमानाचं ते वाक्य म्हणायला भावजींना राजी करण्यात नहलाचा अख्खा हिवाळा खर्ची पडला होता. आधी ते ‘मुलीला मुलगी?’ या प्रश्नावर नाताळपर्यंत अडून बसले. मग एकदा जेवताना त्यांच्या बायकोने, जोझेफीनने, सहज सांगितलं की ती इराणी माणसं शिया आहेत, आणि भावजींचा घास हातातच राहिला.

“पुन्हा शिया?” ते म्हणाले होते. “या घरात दुसऱ्यांदा?”

पहिली शिया म्हणजे खुद्द नहला. ती तेव्हा त्यांच्याच ताटात भात वाढत होती.

“भावजी, अडचण नक्की कशाची आहे ते एकदा ठरवा,” ती म्हणाली होती. “म्हणजे मला एकाच बाजूने भांडता येईल.”

भावजींना ठरवता आलं नाही. दोन हरकतींत त्यांची अशी ओढाताण झाली की दोन्ही हातून सुटल्या, आणि ईस्टरच्या उपासांत ते एकदाचे ‘येतो’ म्हणाले. आता आले होते, बसले होते, आणि दर थोड्या वेळाने घड्याळाकडे बघून नाकातून श्वास सोडत होते.

“इराणी लोकांना वेळेचं काही आहे की नाही?” ते म्हणाले.

“रस्त्यात बर्फ वितळलाय, भावजी. चिखल आहे,” स्वयंपाकघरातून नहला म्हणाली.

“चिखल आपल्याकडेही आहे. आपण आहोत ना जागेवर.”

तेवढ्यात लयाल जिन्यावरून खाली आली. हिरवा पोशाख, केस वर बांधलेले, हातात फोन. तिचा चेहरा बघून नहलाच्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

“आई,” लयाल म्हणाली, “पारीसाची आई विचारतेय, आपण कुठवर आलो.”

“कुठवर म्हणजे?”

“त्यांनी चहा तिसऱ्यांदा टाकलाय. ते सगळे नटूनथटून आपली वाट बघत बसलेत.”

अंतूनची बी दातांखाली कडकन फुटली.

“आपली?” भावजी सावकाश म्हणाले. “आपली का म्हणून? आपण मुलीकडचे.”

“काका, तेही मुलीकडचेच आहेत.”

“मग मुलाकडचं कोण?”

“कुणीच नाही. गेलं वर्षभर मी तुम्हाला दुसरं काय सांगतेय?”

स्वयंपाकघरात जोझेफीन साखरेचे बदाम वाटीत भरत होती. तिला हसू फुटलं, आणि ते खोकल्यात लपवायला तिला जमलं नाही. नहलाला मात्र हसू येईना. तिला स्वतःचाच राग आला. फोनवर तिनेच फरंगीसला, पारीसाच्या आईला, ‘रविवारी दुपारी भेटू’ म्हटलं होतं. फरंगीस म्हणाली होती, ‘भेटू, डोळे लावून बसतो.’ कुठे, हे दोघींनीही विचारलं नव्हतं. विचारायचं काय त्यात? ज्यांच्या घरी मुलगी, त्यांच्या घरी लोक येतात. हे तिलाही आईच्या पोटातून येताना ठाऊक होतं आणि फरंगीसलाही. लग्न दोन मुलींचं आहे एवढी गोष्ट दोघी आयांनी मान्य केली होती, तिच्यासाठी रडून-भांडून झालं होतं, आणि तरी दोघींच्या डोक्यात मुलाकडचे म्हणून कुणीतरी दारात येणारच होते.

“सोपं आहे,” नहला म्हणाली. “चूक झाली. आपण जाऊ. गाडीत बसलो की पोचलो.”

“आपण गेलो तर आपली पोरगी नवरा ठरते,” भावजी म्हणाले.

“काका, मी काही ठरत नाही.”

“लोक ठरवतात. अंतून, तू त्यांना फोन लाव. सन्मानाने बोलाव. आपल्याकडे कॉफी तयार आहे म्हणावं.”

अंतूनने फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. पलीकडे पारीसाचे वडील हूशंग होते. आवाज मऊ, फ्रेंच पुस्तकातल्यासारखी. असा माणूस कधी कुणाला नाही म्हणत नाही, आणि कधी कुणाचं ऐकतही नाही.

“आगा अंतून, आमचं घर सकाळपासून तुमच्या पावलांची वाट बघतंय. तुमची पावलं आमच्या डोळ्यांवर.”

“तुमची आमच्या डोक्यावर,” अंतून म्हणाला. “घर तुमचंच आहे. या ना.”

“ही तर तुमची थोरवी. पण तुमच्यासारख्या थोरामोठ्यांना सोडून आम्ही आधी पाऊल टाकणं, हे आमच्या हातून कसं घडेल?”

“थोर तुम्ही. आम्ही धाकटे.”

“छे छे, तुमच्या दारची धूळ आम्ही.”

असं बराच वेळ चाललं. एकाची पावलं दुसऱ्याच्या डोळ्यांवर, दुसऱ्याची पहिल्याच्या डोक्यावर, आणि उंबऱ्याबाहेर एकाचंही पाऊल पडेना. शेवटी दोघांनी एकमेकांना दीर्घायुष्य चिंतलं आणि फोन ठेवला.

“काय म्हणाले?” नहलाने विचारलं, जणू तिने ऐकलंच नव्हतं.

“फार चांगला माणूस आहे,” अंतून म्हणाला.

“येतोय का?”

“नाही.”

भावजींनी कोटाचं बटण सोडलं. ही त्यांची लांब बोलायची तयारी होती. “मी एक सांगतो, कुणी रागावू नका. हे सगळं कशासाठी चाललंय? इथलं सरकार लग्न लावतंय, लावू दे. पण बैरुतच्या दप्तरात लयाल अंतूनच्या नावाखाली कुमारीच राहणार. मरेपर्यंत. ती दुसरी तेहरानच्या दप्तरात कुमारीच राहणार, आणि तिथे तर हे नुसतं तोंडातून काढायचीही चोरी. तुमचं लग्न आम्हाला पटलं नव्हतं, नहला, पण सायप्रसचा कागद तिकडे चालला. नाव चढलं. हे कुठे चढणार नाही. मग मागणी काय आणि कॉफी काय?”

नहलाला वाईट याचं वाटलं, की यात खोटं काही नव्हतं. नाताळात नोटीस लागली तेव्हा अंतूनच्या चुलतभावाने लेबननमधल्या झाहलेहून फोन करून हेच सांगितलं होतं, फक्त शिव्या घालून.

“कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही, भावजी,” ती म्हणाली. “आणि तुम्ही म्हणता ते खरंच आहे. यांचा कागद अर्ध्या जगात चालणार नाही. म्हणूनच तर घरच्यांनी तोंडाने म्हणायला हवं. ज्याचा कागद सगळीकडे चालतो त्याला माणसांची एवढी गरज नसते.”

“मुद्दा तो नाही.”

“मुद्दा तोच आहे.”

“पुरे,” लयाल म्हणाली. आवाज चढला नव्हता, दमलेला होता. “आई, खरंच पुरे. तू खूप केलंस. आम्ही दोघी कोर्टात जातो, सह्या करतो, घरी येतो. तुम्ही कुणी येऊ नका. साक्षीदार काय, जिन्यात उभं असलेलं कुणीही मिळेल.”

ती कोट आणायला आत गेली.

जिन्यात उभं असलेलं कुणीही. नहला फडकं घट्ट धरून उभी राहिली. सायप्रसमध्ये, लार्नाकाच्या नगरपालिकेत तिचं लग्न लागलं तेव्हाही साक्षीदार असेच मिळाले होते. एक त्यांच्या हॉटेलातला कारकून, तो सारखा घड्याळ बघत होता. दुसरा शेजारच्या खोलीत पोराच्या जन्माची नोंद करायला आलेला एक कोळी. लेबननच्या जुन्यह बंदरातून रात्रभर बोटीत ओकत आलेली, बावीस वर्षांची ती, आणि तिच्या बाजूने म्हणायला एक चिटपाखरू नाही. अंतूनच्या मॅरोनाइट ख्रिस्ती चर्चला ती नको होती, शियांच्या शेखला अंतून नको होता. सही झाल्यावर त्या कोळ्याने तिचा हात हातात घेऊन ग्रीकमध्ये काहीतरी म्हटलं. लग्नात तिला मिळालेला तेवढाच आशीर्वाद, आणि तो तिला कळलासुद्धा नव्हता. आपल्या पोरीचं असं होऊ द्यायचं नाही, एवढ्या एका गोष्टीसाठी ती हिवाळाभर भावजींच्या ताटात भात वाढत आली होती.

“अंतून,” ती म्हणाली, “जरा आत ये.”

अंतून आत आला. जोझेफीनने बाहेर जायचा विचार केला आणि सोडून दिला.

“कोट घाल. आपण निघतोय.”

“दादासमोर?”

“दादा काय म्हणेल हे ऐकण्यात माझे केस पांढरे झाले.”

“नहला, तुला वाटतं मला नकोय हे. तसं नाही.” त्याने मागे वळून दार लोटलं. “पारीसा चांगली मुलगी आहे. माझं ब्लडप्रेशर तीच विचारते, तुला माहितेय. पण तिथे जाऊन मी म्हणू काय? माझ्या मुलीसाठी तुमची मुलगी द्या? मी रात्री आरशासमोर म्हणून बघितलं. वाक्य तोंडातून निघत नाही. माझा विरोध नाही गं. वाक्य निघत नाही.”

“माझ्या वेळेला कुठलं वाक्य निघालं होतं?”

“तेव्हाची गोष्ट वेगळी. तुझ्या वडिलांनी मला गोळी घातली असती.”

“नसती घातली. अब्बांनी वहिदाला काय सांगितलं होतं, ते तुला मी कधी सांगितलं नाही.” वहिदा तिची धाकटी बहीण. “ती एकदा त्यांना म्हणाली, झालं गेलं विसरा. तर म्हणाले, तो आला असता तर मी नाहीच म्हटलं असतं. पण निदान आला तरी असता.”

अंतून चिडला, कारण त्याच्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं. “ते आज कशाला उकरून काढतेस?”

“कारण आज उपयोगाचं आहे.”

“दादा निघून जाईल, नहला. पुन्हा या घरात पाय ठेवणार नाही.”

“आणि पोरगी?”

त्याने ओट्यावरचा एक बदाम उचलला, परत वाटीत ठेवला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशा तोंडाने तो उभा राहिला. एकेकाळी हाच माणूस बाँबफेकीत बंदरावर तिची पेटी डोक्यावर घेऊन धावला होता. तो धीर कुठे खर्च झाला, कशावर खर्च झाला, हे तिला कधीच कळलं नव्हतं, आणि आज शोधत बसायला वेळ नव्हता. तिने खुंटीवरचा स्वतःचा कोट घेतला.

“तुला त्या मोठ्या पुलावरून गाडी चालवता येते?” जोझेफीनने विचारलं.

“नाही.”

“मग चाव्या दे.” जाऊबाईंनी बकलाव्याचं ताट कागदात गुंडाळायला घेतलं. या बाईने आयुष्यात नवऱ्यापुढे आवाज काढला नव्हता. नहलाने तिच्याकडे बघितलं. “काय बघतेस? तुझ्या लग्नाला यायची माझी फार इच्छा होती. कुणी विचारलंच नाही.”

बैठकीच्या खोलीतून त्या दोघी आणि मागून लयाल अशा निघाल्या, तेव्हा भावजी अर्धवट उठले.

“जोझेफीन, तू कुठे?”

“बकलावा पोचवायला.”

“बकलावा पोचवायला मोत्यांची माळ लागते?”

“तुम्ही बसा हो,” जोझेफीन म्हणाली. “मुलीकडच्यांनी बसायचंच असतं.”

गाडीच्या काचेवर चिखल उडत होता आणि जोझेफीन एकेका गाडीला अरबीतून आणि फ्रेंचमधून नावं ठेवत होती. पूल आला तेव्हा मागून लयाल म्हणाली, “आई, म्हणजे आता मी नवरा का?”

“तू आधी मफलर नीट गुंडाळ.”

“बाबा येणार नाहीत ना?”

“मला ठाऊक नाही,” नहला म्हणाली. यावर ‘येईल गं, मागून येईल’ असं ती एरवी म्हणाली असती.

ब्रोसारच्या घराचं दार फरंगीसने उघडलं. केस आजच सेट केलेले, आणि चेहऱ्यावर सकाळपासून नवऱ्याशी भांडल्याची दमणूक. नहलाने ती ओळखली, कारण तीच तिच्याही चेहऱ्यावर असणार. दोघींनी एकमेकींचे गाल गालाला लावले आणि एकीने दुसरीला काही विचारलं नाही. आत हूशंग करड्या सुटात खुर्चीत ताठ बसले होते, अगदी तानियोसभावजींसारखे, फक्त मिशी वेगळी. टेबलावर हात ठेवायला जागा नव्हती. प्रत्येकापुढे फळांची बशी, बशीत सुरी, वर एकेक काकडी. पिस्त्याची मिठाई. शिवाय आणखी मिठाई.

पारीसा चहाचा ट्रे घेऊन आली. तिने लयालकडे बघितलं नाही, लयालनेही बघितलं नाही. एरवी एकत्र राहणाऱ्या या दोन बायका आज अनोळखी असल्यासारख्या बसल्या होत्या.

नहलाने चहाचा पेला घेतला आणि तसाच टेबलावर ठेवला.

“घ्या ना, नहला खानम,” फरंगीस म्हणाली.

“नको.”

“असं कसं? माझ्या जिवाची शपथ.”

“खरंच नको.”

“कडक झाला असेल. पारीसा, फिका आण.”

फिका आला. नहलाने तोही पुढ्यात ठेवला. मग साखर आली, मग खडीसाखर. हूशंगनी विचारलं, की चहा नसेल तर कॉफी करू का, तुम्ही कॉफीवाली माणसं. नहला ‘नको’ म्हणत राहिली आणि तिच्या प्रत्येक नकाराने समोरच्यांचा आग्रह चढत गेला. फरंगीसचे डोळे पाणावायच्या बेताला आले. जोझेफीनचा हात मिठाईकडे निघाला होता, तो नहलाने टेबलाखालून दाबून धरला.

“आई,” लयाल कानाशी कुजबुजली, “त्यांच्यात ही रीत नाही. त्यांना वाटतंय तू आढेवेढे घेतेयस.”

“आढेवेढे कुठले? मी अडून बसलेय.”

आता बोलायलाच हवं होतं. गाडीत तिने शब्द जुळवले होते, तिच्या वडिलांकडे लोक मागणी घालायला यायचे तेव्हा म्हणायचे तसे, घराण्यापासून सुरुवात करून. आणि नेमकं तोंड उघडलं तेव्हा काही बाहेर पडेना. तिला अंतूनचा राग आलेला होता, पण तो अगदीच खोटं बोलत नव्हता हेही तिला या क्षणी कळलं. वर्षभर तिने ‘त्या दोघींचं’ म्हटलं होतं, ‘लयालचं ते’ म्हटलं होतं, ‘आपली ती गोष्ट’ म्हटलं होतं. ताकाला जाऊन भांडं लपवत आली होती ती. सरळ असं एकदाही नाही.

“आगा हूशंग,” ती म्हणाली, “आमच्यात ज्याला काही मागायचं असतं तो यजमानाने हो म्हणेपर्यंत पेल्याला तोंड लावत नाही. मी तुमच्याकडे मागायला आलेय. माझ्या मुलीसाठी तुमची मुलगी मागायला आलेय. लयालसाठी पारीसा.”

पारीसाने ट्रे खाली ठेवला.

हूशंगनी आपल्या तळहातांकडे बघितलं. पुस्तकी फ्रेंच कुठेतरी गेली. “मला विचारताय?”

“तुम्हालाच.”

“पारीसाने मला येऊन सांगितलं. सांगितलं हं, विचारलं नाही. मग सरकारने नोटीस लावली. तेहरानहून माझ्या भावाने फोन केला, म्हणाला आजपासून तू आम्हाला मेलास. त्यानेही विचारलं नाही. फरंगीसची आई शिराझला आहे, नव्वदीची, तिला आम्ही अजून कळवलेलं नाही, कळवणारही नाही.” त्यांनी मान वर केली. “मी नाही म्हणू शकतो?”

“हूशंग,” फरंगीस म्हणाली.

“म्हणू शकता,” नहला म्हणाली. “नाही म्हणता येत नसेल तर विचारण्यात काय अर्थ आहे?”

नहलाला भीती वाटली, खरी भीती. नाही म्हटलं तर हे सगळं तिच्याच हाताने झालेलं असणार होतं. तरी तिने शब्द मागे घेतला नाही.

“पारीसाच्या लहानपणापासून मी या दिवसाचं भाषण तयार ठेवलं होतं,” हूशंग म्हणाले. “कुणीतरी मुलगा येईल, त्याचे वडील येतील. मी त्यांना चार चकरा मारायला लावीन. मग कळून चुकलं की कुणी येणार नाही. ते भाषण मी टाकून दिलं. आज सकाळी फरंगीसने सूट घालायला लावला तेव्हा मी म्हटलं, कशाला, कोण येतंय.” त्यांनी डोळे पुसले, लपवून नाही. “द्यायची तर आहेच. पण इतक्यात हो म्हणालो तर पोरीला किंमत नाही असं दिसेल.”

“मी बसते. मला घाई नाही.”

“मला आहे,” फरंगीस म्हणाली. “चौथ्यांदा चहा मी टाकणार नाही.”

हूशंगनी पारीसाकडे बघितलं. ती भिंतीला टेकून उभी होती, दातांनी खालचा ओठ धरून. त्यांनी तिला जवळ बोलावलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि नहलाकडे वळले.

“मुलगी तुमची. आता चहा घ्या.”

चहा पार निवला होता. नहलाने तो एका दमात संपवला. जोझेफीनने सुटका झाल्यासारखे मिठाईचे दोन तुकडे एकदम उचलले, आणि लयाल उठून पारीसाच्या गळ्यात पडली, ती काही केल्या सोडेना. फरंगीस म्हणाली, “बाई गं, जरा मोठ्यांसमोर,” आणि स्वतःच रडायला लागली.

सगळं जरा शांत झाल्यावर हूशंगना आपली फ्रेंच परत सापडली. “नहला खानम, पण हे तर अर्धंच झालं. मुलीकडचे आम्ही, तसे तुम्हीही. तुम्ही मागितली, आम्ही दिली. आता तुमची मागायला आम्ही यायला हवं. उद्याच येतो. आगा अंतून घरी असतील ना? द्यायला वडील लागतात.”

“बाबा असतील,” लयाल घाईघाईने म्हणाली. “म्हणजे मी त्यांना आत्ता फोन करते, मी त्यांना समजावते, ते नक्की...”

“थांब,” नहला म्हणाली.

अंतून दमलाय, अंतूनला बरं नाही, अंतून कामात आहे: यातलं एखादं वाक्य तिच्या जिभेवर सवयीने तयार होतं. ते तिने गिळलं. तिला स्वतःला कुणी दिलं नव्हतं. वडिलांनी नाही, चर्चने नाही, शेखने नाही. ती आपली आपण उठून आली होती, आणि द्यायचा अधिकार आपल्याला कुठून असणार, असंच ती आजवर धरून चालली होती.

“ते घरी बसलेत,” ती म्हणाली. “आज त्यांच्याच्याने निघवलं नाही. उद्या द्यायला पुढे येतील की नाही, ते त्यांचं त्यांना ठाऊक. तुम्ही या, हूशंग आगा, आणि मलाच विचारा. मी देते माझी मुलगी. अंतून पुढे आला तर बरंच झालं. नाही आला तरी ती दिलेलीच.”